आवराआवर कोणाची? कर्नलमधला एक बग

ओएसच्या पेपरसाठी मेमरी कशी घ्यायची हे आपण सगळे घोकतो. ती परत कोणी आणि केव्हा करायची, हे मात्र व्हायव्हात क्वचितच विचारतात. मला खरी गंमत तिथेच वाटते. लिनक्स कर्नलचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे, म्हणून त्यातलंच एक उदाहरण घेतो.

आयबीएमच्या पॉवर-९ प्रोसेसरमध्ये परफॉर्मन्स मोजणारे 'आयएमसी' नावाचे काउंटर आहेत. त्यांचा कोड २०१७ साली लिनक्स ४.१४ मध्ये आला. काउंटरचे मुख्य गट तीन: नेस्ट (म्हणजे चिपमधला कोअरबाहेरचा भाग), कोअर आणि थ्रेड. एखादा गट सुरू होताना फेल झाला, तर मागची आवराआवर करायला तिघांत मिळून एकच फंक्शन होतं.

घोटाळा इथेच होता. नेस्टच्या युनिट्सच्या यादीची मेमरी मोकळी करणारी ओळ या सामायिक फंक्शनमध्ये होती. नेस्ट नीट सुरू झालं आणि कोअर फेल झालं, की कोअरची आवराआवर नेस्टची चालू यादीही मोकळी करून टाकायची! आपली रूम सोडताना अख्ख्या विंगचा मेन स्विच पाडून जावं, तसं. लगेच काही कळायचं नाही. पुढे एखादा सीपीयू ऑफलाइन केला, की नेस्टचं फंक्शन तीच यादी वाचायला जायचं आणि कर्नलमध्ये एरर यायची.

उपाय अगदी छोटा. ती ओळ नेस्टच्या अटीखाली हलवली. आता नेस्टचं शेवटचं युनिट जातानाच मेमरी मोकळी होते आणि पॉइंटर नल केला जातो.

यातून मी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या.

१. ज्याने घेतलं, त्यानेच परत करायचं.

२. आवरायचं ते उलट्या क्रमाने, आणि जेवढं झालं तेवढंच. ठाण्याहून कल्याणला निघालेला माणूस डोंबिवलीहून परत फिरला, तर वाटेत दिवा लागेल, मग ठाणे. कल्याण लागायचा प्रश्नच नाही!

३. फेल होण्याची वाटही तपासायची. हा बगसुद्धा कोअर मुद्दाम फेल करून, मग सीपीयू ऑफलाइन केल्यावर दिसला होता.

तेव्हा पुढच्या सबमिशनआधी आपल्या प्रोग्राममधला एखादा मॅलोक मुद्दाम फेल करून बघा. आउटपुट बरोबर आलं म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे असं नाही, हे पाच मिनिटांत पटेल.