न पुसलेली पाटी

एका हाउसिंग सोसायटीच्या मेन्टेनन्स बिलांसाठी मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. दर वेळी नव्याने सुरू करून एकेक फ्लॅट तपासला, हिशेब चोख. महिनाअखेरीला सगळे फ्लॅट एकदम चालवले, तर १०२च्या बिलात १०१ची थकबाकी आणि १०३च्या बिलात दोघांचीही! शेवटच्या फ्लॅटमधल्या काकूंच्या माथी अख्खी इमारत आली. चष्मा लावून त्यांनी ते बिल मला मोठ्याने वाचून दाखवलं.

दोष एका ओळीत होता. फंक्शनच्या कंसात मी 'नोंदी=[]' असं लिहिलं होतं. माझा हात जावास्क्रिप्टवर बसलेला. तिथे २०१५च्या आवृत्तीत डिफॉल्ट आलं ते दर कॉलला नव्याने मोजलं जाणारं. पायथॉन ते एकदाच मोजतो, डेफची ओळ चालते तेव्हा. दर फ्लॅटला कोरी पाटी मिळतेय असं मी धरून चाललो होतो. पाटी एकच होती, न पुसलेली. तेव्हा डिफॉल्टला नन ठेवा आणि नन आलं तरच आत नवी लिस्ट करा. तारखेचंही तेच: डिफॉल्टमध्ये 'आत्ताची वेळ' मागितलीत, तर सर्व्हर सुरू झाल्याची वेळ प्रत्येक पावतीवर चिकटते. आकडे आणि स्ट्रिंग बिनधास्त द्या, ते जागच्या जागी बदलत नाहीत.

शॅडोइंगने, म्हणजे आतल्या व्हेरिएबलने त्याच नावाचं बाहेरचं झाकण्याने, जास्त छळलं, कारण तिथे काकू नव्हत्या. गो भाषेत 'एरर' हे व्हेरिएबल बाहेर होतं. इफच्या आत मी = ऐवजी := लिहिलं. त्या एका कोलनने त्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल जन्माला आलं. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेल्या घरात हाक मारली की जवळ असेल तो ओ देतो, तसंच हे. फाइल लिहिताना आलेली चूक आतल्यात पडली, लॉगमध्ये छापलीही गेली. त्यामुळे 'व्हेरिएबल वापरलं नाही' म्हणून कंपायलरनेही अडवलं नाही. बाहेरचं रिकामंच परत गेलं. लॉग कोण वाचतं?

जावा एका लोकल व्हेरिएबलने दुसरं लोकल झाकू देत नाही. जीसीसीला मात्र 'वॉल' सांगितलं तरी शॅडोची सूचना वेगळी मागावी लागते. मागाच. पायथॉनला पायलिंट लावा, तो रिकाम्या लिस्टचं डिफॉल्ट पाहून लगेच ओरडतो.

माझ्या टेस्टमध्ये आता प्रत्येक फंक्शन लागोपाठ दोनदा कॉल होतं. दुसऱ्या फ्लॅटचा नंबर अजून १०२च आहे.