मिठागर, चाक आणि रापण : ख्रिस्ती दृष्टांतांचा एक गावठी अभ्यास

येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना जे दृष्टांत सांगितले त्यांतील बहुतेक शेतात, स्वयंपाकघरात, पाण्याच्या काठी नाही तर कारागिराच्या पडवीत घडतात. बी पेरणारा, पीठ मळणारी बाई, जाळे ओढणारे मच्छीमार, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी गृहिणी अशी त्यांतील माणसे आहेत. राजे आणि सावकारही येतात, पण ते पाहुण्यांसारखे. ही गोष्ट पाद्री लोकांना आम्ही सांगावी असे नाही. परंतु पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतील ग्रामजीवन ज्याने जवळून पाहिले आहे, त्यास हे दृष्टांत वाचताना परक्या देशातील मजकूर वाचतो आहोत असे वाटत नाही, आणि ह्या लेखाचा विषय तोच आहे.

आम्ही धर्माने मुसलमान व व्यवसायाने शिक्षक. आमच्या वर्गात हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान अशी तिन्ही घरची मुले असतात. पाठ्यपुस्तकात कधी बायबलमधील एखादी गोष्ट येते, कधी नाताळच्या सुमारास ती मुद्दाम सांगावी लागते. अलीकडे आम्हास एक अडचण जाणवू लागली आहे. दहा कुमारिकांची गोष्ट सांगत होतो. पाच जणींनी दिव्याबरोबर तेल नेले, पाच जणींनी नेले नाही, आणि वर उशिरा आला. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "गुरुजी, मग बटण का नाही दाबले?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु तेल जळते, सरते आणि ते आधी साठवून ठेवावे लागते, हे ज्याने पाहिलेच नाही त्याला त्या गोष्टीतील हुरहूर कशी कळावी? धर्मग्रंथ कपाटात सुखरूप आहे. ज्या वस्तूंच्या आधाराने तो बोलतो त्या मात्र घरातून एकेक करून बाहेर जात आहेत. ख्रिस्ती कुटुंबांनी ह्याचा विचार करावा, आणि शेजारी म्हणून इतरांनीही करावा.

धर्माची गोष्ट इथल्या माणसाला इथल्या शब्दांत सांगावी, हा विचार गोव्यात जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, साष्टीत राहिला, आणि त्याने मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथात स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. पुराण ऐकून वाढलेल्या कानांना पुराणच द्यावे, हे त्याने ओळखले होते. त्याच शतकांत गोव्यात इन्क्विझिशनही होते, १५६० पासून, मध्ये थोडा खंड सोडता, १८१२ पर्यंत. आणि १६८४ साली देशी भाषा सोडण्याचा हुकूमही निघाला. एकाच राजवटीत ओवीही झाली आणि सक्तीही झाली. त्यातले एक सांगून दुसरे गाळणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पेडणे व डिचोली हे तालुके मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेले. तोवर काळ बदलला होता, आणि ह्या नव्या काबिजादींत रयतेच्या धर्मात हात न घालण्याचे धोरण त्यांनी ठेवले. म्हणून येथे ख्रिस्ती वस्ती बारदेश-साष्टीच्या मानाने थोडी, देवळे पुष्कळ, आणि डिचोलीस तर नमाजगाहही. कुंभार एका धर्माचा, गिऱ्हाईक दुसऱ्या धर्माचे, असा व्यवहार येथे पिढ्यानपिढ्या चालला.

आता मिठाकडे वळू, कारण आमच्या मते ह्या अभ्यासातील सर्वांत उपयोगी धडा तेथे आहे.

"तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात" अशा अर्थाचे येशूचे बोल सर्वांना ठाऊक असतात. त्यापुढे तो म्हणतो की मिठाचा खारटपणा गेला तर ते बाहेर टाकून तुडवले जाण्याच्याच लायकीचे उरते. रसायनशास्त्र शिकलेला विद्यार्थी येथे अडतो. शुद्ध मीठ खारटपणा कसा सोडील? ते मीठ आहे तोवर खारट आहे. आम्हासही महाविद्यालयात हाच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर शापोरा नदीच्या काठी, पेडण्यातील आगरवाड्याला मिळते. गावाचे नावच त्याच्या धंद्यावरून पडलेले आहे.

पावसाळा संपला की आगरातील पाणी उपसून चिखलाची जमीन चोपून घट्ट करतात. भरतीचे पाणी मानशीतून आत घेतात. आधी ते मोठ्या कप्प्यांत राहते, उन्हाने आटत आटत खारट होत जाते, मग लहान व उथळ कप्प्यांत सोडतात, आणि तेथे मिठाचे दाणे धरतात. लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते ओढून बांधावर ढीग घालतात. हे मीठ मातीच्या पोटावर जन्मते, म्हणून त्यात मातीचा अंश राहतोच. नीट लक्ष न देता फळी खोल गेली तर अधिकच. पावसाआधी ढीग शाकारावा लागतो. शाकारणी गळकी राहिली तर पावसाचे पाणी मीठ तेवढे विरघळवून नेते, आणि मागे ढिगाच्या आकाराचाच करडा गाळ उरतो. दुरून पाहणाऱ्यास ते मीठच वाटेल. जिभेला लावले तर माती! मग तो गाळ वाटेवर टाकतात, आणि माणसे त्यावरून चालतात.

पॅलेस्टाइनमधील मीठही असेच मिश्र असे, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे दृष्टांतातील मीठ आपला गुण बदलत नाही. ते नकळत वाहून जाते आणि आकार शिल्लक राहतो. धर्माच्या बाबतीत ह्याहून नेमकी भीती कोणती असेल? प्रार्थनेची वेळ पाळली जाते, सणाला नवे कपडे होतात, पंगत बसते, आणि आतले मीठ कुठल्या पावसाळ्यात गेले ते कोणालाच आठवत नाही. हे आम्ही केवळ ख्रिस्ती बांधवांस उद्देशून म्हणत नाही. रमजानचा महिना आमच्याकडेही येतो.

मिठाचा आणखी एक इतिहास सांगितला पाहिजे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातील मिठाचा मक्ता ब्रिटिश सरकारच्या हाती गेला. पुष्कळ आगरे बंद पाडली गेली, आणि १८९२ साली करार संपेपर्यंत मीठ पिकवणाऱ्यांची फार दैना झाली. स्वतःच्या अंगणात मीठ असून ते काढण्याची मनाई, ही स्थिती गांधीजींच्या दांडीयात्रेच्या अर्धशतक आधी ह्या लोकांनी सोसली. आज आगरवाड्यास थोडीच मिठागरे उरली आहेत. त्यामागे कोणता करार नाही. मजुरी परवडत नाही आणि मुलांना ते काम नको आहे, इतकेच.

डिचोलीच्या कुंभारवाड्यातील धडा येशूच्या आधीचा, यिर्मया संदेष्ट्याचा आहे. देव त्याला कुंभाराच्या घरी पाठवतो. चाकावरचे भांडे बिघडते, तेव्हा कुंभार ती माती फेकीत नाही. तिचाच पुन्हा गोळा करून दुसरे भांडे घडवतो. प्रवचनांत एवढेच बहुधा सांगतात. परंतु पुढल्याच अध्यायात त्याच संदेष्ट्याला भाजलेले मडके विकत घेऊन लोकांसमोर फोडायला सांगितले आहे, आणि ते पुन्हा सांधता येत नाही असे बजावले आहे. दोन्ही अध्याय एकत्र वाचले पाहिजेत, आणि ते का, हे भट्टी पाहिली की समजते. माती आणावी, भिजवावी, खडे वेचावे, पायाने तुडवावी. चाकावर चढेपर्यंत आणि त्यानंतरही ती ओली आहे तोवर कुंभार कितीही वेळा चूक सुधारतो. भट्टीतून निघालेल्या मडक्याला मात्र दुसरी संधी नाही. फुटले की खापरी. शिक्षकाला हे विशेष जाणवते, कारण आमच्या हाती येणारी माती ओली असते. कुराण शरीफमध्येही मनुष्य खापरासारख्या खणखणणाऱ्या मातीपासून घडवल्याचा उल्लेख आहे, आणि संत गोरोबा कुंभाराची कथा हिंदू घरांतून सर्वांना ठाऊक आहे. मातीपाशी तिघेही भेटतात म्हणावयाचे.

समईसाठीही डिचोली प्रसिद्ध. बैठक, खांब, तेलाची वाटी, वरचे शिखर असे पितळेचे भाग वेगवेगळे घडवून एकमेकांत बसवतात. दिवा लावून कोणी तो मापाखाली झाकत नाही, असे येशू म्हणतो. माप म्हणजे आपली पायली, धान्य मोजावयाची. हा तपशील सहसा कोणी ध्यानात घेत नाही : दिवा झाकणारी वस्तू वाईट नव्हे, ती रोजच्या पोटापाण्याची आहे. उजेड झाकायला पाप लागतेच असे नाही, हिशोबही पुरतो. कुराणातही दैवी प्रकाशाला कोनाड्यातल्या दिव्याची उपमा आहे, म्हणून हा दृष्टांत शिकवताना आम्हास आपल्याच घरात वावरल्यासारखे वाटते.

खमिराच्या दृष्टांताविषयी थोडे जपून लिहितो. गोव्याचा पोदेर पूर्वी पाव फुगवण्यासाठी माडाची सूर वापरीत असे, आणि सणाच्या सान्नांत ती अजूनही कुठे कुठे घालतात. रेंदेर त्यासाठी दिवसातून तीनदा माडावर चढतो. सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोय तासायला. सूर आम्हास धर्माने वर्ज्य. परंतु तिच्यामुळे रात्रभरात पीठ कसे मुकाट्याने वर येते हे पाहण्यास बंदी नाही! दृष्टांतातील बाई तीन मापे पिठात खमीर मिसळते. ती मापे मोठी होती. तेवढ्या पिठात एका घराची न्याहारी नव्हे, सारा वाडा जेवेल. बाईने इतके पीठ कोणासाठी मळले, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा.

गव्हातील निदणाचा दृष्टांत मात्र आमच्या भागात नीट बसत नाही. गोव्यात शेती भाताची, आणि भातशेतकरी तण राखीत नाही, बेणतो. एका शेतकऱ्याच्या मुलाने आम्हास वर्गातच अडवले, "कापणीपर्यंत ठेवले तर भात काय पिकणार?" आम्ही त्याला विचारले, "सावा आणि भात, लहान असताना वेगळे ओळखता येतात का?" तो जरा थांबून म्हणाला, "आजीला येतात." उत्तर फार चांगले होते. त्या दृष्टांतातील धनी नोकरांना थांबवतो, कारण नोकरांची नजर आजीची नव्हती. शेतीचा सल्ला म्हणून तो घ्यावयाचा नाहीच. माणसांना उपटून टाकण्याची घाई करणाऱ्यांसाठी तो आहे.

सुताराविषयी एकच गोष्ट. येशू स्वतः सुतार होता, आणि तो नांगर व जुवे घडवीत असे असे दुसऱ्या शतकातील जस्टिन ह्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे. "माझे जू सोयीचे आहे" ह्या अर्थाच्या त्याच्या वचनात मूळ ग्रीक शब्दाला 'चांगले, हितकर' असा अर्थ आहे. बैलाची मान पाहून जू तासणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. न बसणारे जू खांदा सोलते. बसणारे जूही ओझेच, पण ओढता येणारे.

शेवटी रापण. मोरजी, मांद्रे, हरमल ह्या किनाऱ्यांवर ती पाहावयास मिळत असे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकीत पुढे जातात, आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात. पेत्र व अंद्रिया येशूला प्रथम दिसले तेव्हा त्यांच्या हाती पागेर होते, एकट्याने फेकायचे जाळे. परंतु स्वर्गाच्या राज्याला ज्या जाळ्याची उपमा दिली ते ग्रीक मुळात ओढायचे मोठे जाळे आहे, म्हणजे आपली रापणच. तिच्यात बांगडा येतो तसा कुर्लीही येते, शेवाळही येते. निवड काठावर बसून होते, पाण्यात नव्हे. आणि ती एकट्याच्याने ओढत नाही. ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा ठरलेला, मग तो कोणत्याही जातीचा असो. यांत्रिक ट्रॉलरांनी हा किनारा खरवडायला सुरुवात केली तेव्हा १९७० च्या दशकात रापणकारांनी मोठा लढा दिला, आणि १९८० साली त्यासाठी सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. कायदा झाला तरी रापणी कमी होत गेल्या. ५ जानेवारी २०२३ पासून पेडण्यातील मोप येथे विमाने उतरू लागली आहेत. किनाऱ्यावरच्या जमिनीचा भाव काय झाला असेल हे वाचकांस सांगणे नको.

ज्या पालकांस हा अभ्यास मुलांकडून करून घ्यावयाचा असेल त्यांनी फेब्रुवारी ते एप्रिल ह्या काळात आगरवाड्यास जावे. मीठ ओढण्याचे काम तेव्हा चालू असते. सकाळी लवकर निघावे. दहानंतर ऊन सोसत नाही, आणि मिठाच्या चकाकीने डोळे दिपतात. बांधावरून चालताना चपला हातात घ्याव्या, कारण बांध ओला असतो आणि तो कोणीतरी हातांनी चोपलेला असतो. कामकऱ्यांस विचारल्याशिवाय कप्प्यात पाय घालू नये. आणि मूठभर मीठ विकत घेतलेच, तर ते घरी पाण्यात विरघळवून तळाला काय राहते ते मुलांस पाहू द्यावे.