अवखळ पिल्लाचे शिक्षण

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो. त्यांच्याविषयीची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. एकदा एक कुत्रा त्यांची पोळी तोंडात धरून पळाला. नामदेव त्याच्यामागे धावले. पण त्यांच्या हाती काठी नव्हती, तुपाची वाटी होती. कोरडी पोळी त्या मुक्या जिवाच्या घशाखाली कशी उतरेल, हीच त्यांना चिंता!

त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, हे कथेत सांगितलेले नाही. परंतु ज्याने कुत्रे पाळले आहे, तो एवढे खात्रीने सांगेल की, दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या वेळेस तो कुत्रा पुन्हा दाराशी हजर झाला असेल. ज्या कृतीतून लाभ होतो ती कृती पुन्हा करावयाची, हा कुत्र्याचा स्वभावच आहे. संतांना त्याची अडचण वाटली नसती. सामान्य गृहस्थाला मात्र दयेच्या जोडीला थोडे शिक्षणही द्यावे लागते.

वसमतकडील एका शेतकऱ्याच्या मुलाने शहरातील प्राण्यांच्या निवाऱ्यातून आठ महिन्यांचे एक पिल्लू घरी आणले, असे समजू. त्याचे नाव मोत्या. पहिले दोन-चार दिवस मोत्या बाजेखाली गप्प पडून राहिला; नवे घर, नवी माणसे, नवे वास यांनी तो बावरला होता. घरच्यांना वाटले, पिल्लू मोठे गरीब आहे. पुढे त्याची भीती मोडली आणि त्याचे खरे रूप दिसू लागले. दिवस हळदीचे होते. शिजवलेली हळकुंडे अंगणात वाळत घातली होती. मोत्या त्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला, कोंबड्यांना त्याने छपरावर चढविले, आजोबांची चप्पल कुरतडली आणि पाणी आणणाऱ्या आजींच्या अंगावर उडी घेऊन घागर सांडली. मुलगा ओरडत मागे लागला, की मोत्या दुप्पट वेगाने पळे. त्याच्या लेखी तो पाठशिवणीचा खेळ होता.

अशा वेळी बहुतेक घरांत दोन उपाय सुचतात. पिल्लाला आखूड साखळीने बांधून ठेवावयाचे, नाही तर दूर नेऊन सोडून द्यावयाचे. दोन्ही उपाय वाईट आहेत. बांधलेल्या कुत्र्याची शक्ती कोठे जात नाही; ती साठत राहते आणि तो अधिकच चिडखोर बनतो. सोडून दिलेला कुत्रा भुकेने अथवा रस्त्यावरच्या वाहनाखाली मरतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही पाळीव प्राण्यास अकारण टाकून देणे आणि त्याला फार वेळ आखूड साखळीस जखडून ठेवणे हे गुन्हे ठरविले आहेत. मोत्या तर एकदा निराधार झालेलाच होता.

दोष वस्तुतः मोत्याचा नव्हता. सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचे अल्लड वय होय. शरीर मोठे झालेले असते, समज मागे राहिलेली असते. त्यातून करावयास काही काम नसले, म्हणजे ते आपले काम आपणच शोधून काढते.

म्हणून शिक्षणाचा आरंभ फिरण्यापासून करावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुत्र्याला दुपारी बाहेर नेऊ नये. तापलेल्या जमिनीने त्याचे तळवे भाजतात आणि माणसासारखा सर्वांगाला घाम येत नसल्याने जीभ बाहेर काढून धापा टाकूनच त्याला अंग निववावे लागते. पहाटे व दिवस मावळल्यावर न्यावे. त्याने दोरी ताणली की उभे राहावे, सैल सोडली की चालू लागावे. ओढल्याने वाट सरत नाही, हे त्याला काही दिवसांत कळते. मात्र नेणाऱ्याने एकदा थांबून दुसऱ्यांदा ओढले जाऊ नये. तसे झाले तर शिष्य गुरूलाच शिकवितो!

नंतर ‘बस’ ही आज्ञा शिकवावी. भाकरीचा लहानसा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरून हात हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. नजर वर जाते, तसे त्याचे मागचे अंग आपोआप खाली टेकते. त्याच क्षणी ‘बस’ म्हणून तुकडा द्यावा. क्षण महत्त्वाचा आहे. थोडा उशीर झाला आणि मधल्या वेळात तो उठून भुंकला, तर बक्षीस भुंकण्याचे मिळाले असे तो समजतो. धडा पाच मिनिटांचा असावा. दिवसातून तीन-चार वेळा घ्यावा. घरातील सर्वांनी शब्दही एकच वापरावा. आजोबा ‘बस’, आई ‘खाली’ आणि मुलगा ‘गप’ म्हणू लागला, तर त्या बिचाऱ्याने कोणाचे ऐकावे?

अंगावर उडी घेतल्यास त्याला मारू नये, ढकलूही नये. पाठ फिरवून स्तब्ध उभे राहावे आणि चारही पाय जमिनीवर आले की कुरवाळावे. हाक मारून जवळ बोलावलेल्या कुत्र्याला शिक्षा तर कधीही करू नये. तसे केल्यास पुढच्या हाकेला तो येत नाही. भाकरीचे तुकडे अंगणात लपवून ते हुंगून काढावयास लावले, तर मैदानात धावल्यापेक्षाही तो अधिक दमतो. त्याचे नाक माणसाच्या नाकाहून कित्येक पटींनी तीक्ष्ण असते आणि नाकाचे काम हे त्याच्या बुद्धीचेही काम असते. तीन महिन्यांच्या वयानंतर द्यावयाची रेबीजची लस त्याने घेतली आहे की नाही, हे पशुवैद्यकांना विचारावे व पुढची मात्रा वेळेवर द्यावी.

ही अनावर शक्ती किती मोलाची असते, हे अमेरिकेतील एका शिक्षिकेने जगाला दाखविले. विल्मा मेल्विल या निवृत्त व्यायामशिक्षिका १९९५ मध्ये आपली मर्फी नावाची कुत्री घेऊन ओक्लाहोमा शहरात स्फोटाने कोसळलेल्या इमारतीत शोधकार्यास गेल्या होत्या. अशी शिकविलेली कुत्री फार थोडी आहेत, हे तेथे त्यांना जाणवले. १९९६ मध्ये त्यांनी एक संस्था काढली. ही संस्था बहुतेक कुत्री निवाऱ्यांतूनच घेते आणि तीही शांत नव्हेत. फेकलेले खेळणे ढिगाऱ्यात दिसेनासे झाले तरी जे ते शोधण्याचे सोडीत नाही, तेच तिला हवे असते. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारती कोसळल्या, तेव्हा या संस्थेची पथके तेथे काम करीत होती. घरात कोणाला आवरत नव्हती अशी कुत्री ढिगाऱ्यांवर तासन् तास माणसांचा माग काढीत होती.

मराठवाड्याला हे काम परके वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने गावेच्या गावे जमीनदोस्त केली, आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी खुद्द हिंगोली जिल्ह्यातील जमीन ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने हादरली.

मोत्याला ढिगाऱ्यात जावयाचे नव्हते. त्याला अंगण राखावयाचे होते. वर्ष उलटले. पुन्हा हळद शिजली, पुन्हा हळकुंडे अंगणात पसरली. मोत्या कडेला बसून होता. एक कोंबडी हळकुंडांच्या मधोमध चालत आली. मोत्याचे कान उभे राहिले. तो अर्धवट उठला. ओसरीवरून मुलगा म्हणाला, “बस.” मोत्याने एकदा कोंबडीकडे पाहिले, एकदा मुलाच्या हाताकडे पाहिले आणि तो खाली बसला. शेपटी मात्र धूळ उडवीत जोरजोराने हलत होती. मुलाने खिशातून भाकरीचा तुकडा काढला.