निरोप नेणारा माणूस



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशमस्कंध, अध्याय ५२ चा उत्तरार्ध आणि अध्याय ५३.

हे अध्याय या वेळी मी जिथली गोष्ट तिथेच बसून वाचले. नाताळच्या सुट्टीत आमच्या वाचन मंडळाचं तीन दिवसांचं हिवाळी शिबिर कौंडण्यपूरला झालं. आठवी ते बारावीची बावीस पोरंपोरी आणि आम्ही पाच ताई-दादा. कल्पना उसनी आहे, सांगूनच टाकतो. माझ्या टीममधला एक ख्रिस्ती मित्र दर डिसेंबरात चर्चच्या तरुणांच्या शिबिराला लीडर म्हणून जातो. त्याने एकच सल्ला दिला होता, "मुलांचे फोन काढून घेणार असाल तर आधी स्वतःचे जमा करा." केले. (माझा ऑन-कॉल एका सहकाऱ्याने घेतला. देव त्याचं भलं करो.)

कौंडण्यपूर अमरावतीपासून चाळीसेक किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर आहे. भीष्मक राजाची राजधानी, रुक्मिणीचं माहेर. इथून आषाढीला पंढरपूरला जी पालखी जाते तिची परंपरा १५९४ पासूनची सांगतात. १९६० च्या दशकात इथे उत्खननही झालं, सातवाहनकाळातल्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. पण डिसेंबरात सकाळी सहा वाजता देवळापासून खाली पाहिलं तर यातलं काहीच दिसत नाही. धुकं दिसतं, आणि त्याच्याखाली नदी आहे असं धरून चालायचं.

पहिल्या रात्री गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. मग शेकोटीभोवती रुक्मिणीची गोष्ट निघाली. एक मुलगी म्हणाली, "दादा, आजी ताईले रुक्मिणी स्वयंवर वाचाले लावते, लगन जमाव म्हणून. अन् याच्यात तं थे घरच्यायनं जमवलेलं लगन मोडून रायली!"

सगळे हसले. पण बोलली ते खरंच आहे. नाथांचा हा ग्रंथ १५७१ मध्ये काशीत पूर्ण झाला, आणि लग्न जमावं म्हणून त्याचं पारायण करायची आपल्याकडे पद्धत आहे. आपण ग्रंथ कपाळाला लावतो, तो काय म्हणतोय ते मात्र ऐकत नाही.

आता मूळ प्रसंग बघा. रुक्मिणीला कृष्ण हवा आहे, घरच्या बाकीच्यांचीही ना नाही. भाऊ रुक्मी अडून बसतो आणि शिशुपालाशी लग्न ठरवतो. वडील दुष्ट नाहीत. भागवत स्पष्ट सांगतं की मुलावरच्या मायेपोटी भीष्मक त्याच्या मताने चालला. घरोघरी असंच तर होतं. कोणी वाईट नसतं, आणि तरी मुलीला कोणी विचारलेलं नसतं.

मग ती एका ब्राह्मणाला द्वारकेला पाठवते. कीर्तनात त्याचं नाव सुदेव येतं. भागवत मात्र त्याला नावच देत नाही, फक्त 'आप्त' म्हणतं, म्हणजे भरवशाचा. रुक्मिणीचा निरोप सात श्लोकांचा आहे (१०.५२.३७ ते ४३). निरोप कसला, पूर्ण प्लॅनच आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नगराबाहेर जायची रीत आहे, तिथून मला ने, म्हणजे अंतःपुरात शिरून माझ्या माणसांना मारावं लागणार नाही. इतक्या ताणातही तिने एज केस विचारात घेतली आहे!

आणि त्या सात श्लोकांनंतर ब्राह्मणाचं स्वतःचं बोलणं किती? एक श्लोक. हे गुप्त निरोप मी आणलेत, विचार करून जे करायचं ते लगेच करा. बस. 'पोरगी लहान आहे' नाही, 'माझ्या मते' नाही.

दुसऱ्या दिवशी सत्र माझ्याकडे होतं. मी मुलांना विचारलं, या माणसाचा सगळ्यात मोठा गुण कोणता? कोणी धाडस म्हटलं, कोणी वेग. मागे बसलेली अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "त्यानं त्याच्यात आपलं काई टाकलं नाई."

ती माझ्याकडे बघत नव्हती. पण मला कळलं.

दिवाळीत हीच मुलगी मला म्हणाली होती, "दादा, मले नीट नाही द्यायची. मले इतिहास घेऊन बी.ए. करायचं हाये. तुम्ही सांगान का बाबाले? तुमचं ऐकतात थे." मी सांगितलं. म्हणजे फोनवर म्हणालो, "काका, तिला जरा ताण आलाय, क्लास बदलून बघा." मला वाटलं मी शहाणपणाने मधला मार्ग काढला. काकांनी खरंच क्लास बदलला. जास्त तासांचा लावला. आणि मी तिला नंतर फोनसुद्धा केला नाही. ऑफिस, रिलीज, राहून गेलं.

त्या रात्री अध्याय ५३ पुन्हा काढला. लग्नाला एक रात्र उरलीये आणि रुक्मिणी वाट बघतेय. तिला दोन गोष्टी खातायत. कृष्ण आला नाही ही एक. दुसरी, माझा निरोप नेलेला माणूसही अजून परतला नाही. हा भाग मी कितीदा वाचला असेल, आणि दर वेळी तिच्या पहिल्या काळजीवरच थांबलो होतो. पुढे तो येतो. कृष्णाच्याच रथातून एका रात्रीत विदर्भात आलेला तो माणूस आधी तिला भेटायला अंतःपुरात जातो. त्याची शांत चाल आणि प्रसन्न चेहरा बघूनच ती ओळखते. त्याला द्यायला तोलाचं काही सापडत नाही, म्हणून ती फक्त नमस्कार करते.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका तिला न्यायला आले. आधी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, अजून सांगू का, आणि नेमकं काय सांगू. तिने तीन वाक्यं सांगितली. मी तीच तीन काकांना सांगितली. दिवाळीत मी काय केलं तेही सांगितलं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही स्वतः इंजिनिअर, पुण्यात नोकरी, अन् पोरीले बी.ए. कराले सांगता?"

"मी सांगत नाहीये काका, ती सांगतेय."

"पाहू," म्हणाले.

पोरं टेम्पोत गाद्या चढवत होती. मी तिच्याकडे गेलो आणि काकांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, तो प्रश्न आणि ते "पाहू". 'होईल सगळं नीट' असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

"बरं," ती म्हणाली आणि गादीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

उद्याचं वाचन : अध्याय ५४. रुक्मीचं अर्धमुंडण, आणि त्यावर बलरामदादा कृष्णालाच कसे रागावतात ते.

जय हरी!