कोडिंग येतं, मुलाखतीचं काय?

मुलगा ऑटिस्टिक आहे, आयटी किंवा डेटा सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथॉन छान लिहितो, आणि तरी आईबाबांना एकच घोर लागलेला असतो: याचं पुढे कसं होणार? अशा घरात बहुधा आणखी एक महागडा एआय कोर्स लावायचं घाटत असतं. तो आधी थांबवा. ज्याला विषयाची गोडी आहे त्याची गाडी विषयापाशी फारशी अडत नाही. ती अडते ग्रुप डिस्कशनमध्ये, जिथे सहा जण एकदम बोलतात. ती अडते 'स्वतःबद्दल थोडं सांगा' या प्रश्नापाशी, कारण त्याची सुरुवात कुठे करायची आणि थांबायचं कुठे हेच कळत नाही. नोकरी लागल्यावर साहेबांच्या 'जरा बघून घे' या वाक्यापाशीही अडते, कारण नेमकं काय बघायचं आणि कधीपर्यंत, हे कुणी सांगितलेलंच नसतं. कॉलेजची वर्षं या जागांच्या तयारीसाठी वापरायला हवीत.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. ऑटिझम म्हणजे गणिताची दैवी देणगी, हे सिनेमातलं चित्र आहे. कुणाला आकडे आवडतात, कुणाला नकाशे, कुणाला रेल्वेची वेळापत्रकं, कुणाला शब्दांची रूपं, आणि कुणाला संगणकाचा मनापासून कंटाळा असतो. एआयला मागणी आहे एवढ्याच कारणासाठी मुलाला तिकडे ढकलू नका. कुणी न सांगता तो तासन्‌तास कशात रमतो, ते पाहा.

तिथून कामापर्यंतची वाट शोधता येते, कारण एआयमध्ये कामं अनेक प्रकारची आहेत. मॉडेल घडवणं हे त्यातलं एक. माहिती गोळा करणं, ती साफ करणं, तिच्यावर खुणा करणं (म्हणजे अ‍ॅनोटेशन), मॉडेलची उत्तरं तपासणं, चुकांची नोंद ठेवणं ही बाकीची. मराठीचंच घ्या. जुन्या पुस्तकाचं पान स्कॅन करून यंत्राला वाचायला दिलं की 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत घोळ होतो. 'पुणे', 'पुण्यात' आणि 'पुण्याहून' ही एकाच गावाच्या नावाची रूपं आहेत, हे यंत्राला शिकवावं लागतं. केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रम 2022 मध्ये सुरू झाला, तो भारतीय भाषांसाठीच. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने मराठी मजकुराचे संच आणि मॉडेल्स सर्वांसाठी खुली केली आहेत. अशा संचातली शंभर वाक्यं घ्यावीत, मॉडेल कुठे चुकतं आणि कुठल्या प्रकारची चूक पुन्हापुन्हा होते याचा तक्ता करावा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे जमतं. ज्याला नियम मोडलेला चटकन दिसतो आणि खटकतो, त्याला तर हे काम आवडतंही.

मात्र खुणा करण्याच्या कामावर कायमचं विसंबू नका. तिथे मोबदला पुष्कळदा नगावर मिळतो आणि त्यातली सोपी कामं आता यंत्रंच करू लागली आहेत. पुढे सरकायचं तर संभाव्यता, रेखीय बीजगणित आणि एसक्यूएल यांना पर्याय नाही. एनपीटीईएलवर हे सारं विनामूल्य शिकता येतं. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएस पदवीला जेईई लागत नाही. व्याख्यानं घरी, हवी तेवढ्या वेळा पाहायची आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. गजबजलेला वर्ग ज्याला सोसवत नाही, त्याच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे.

आता मुलाखत. टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतल्या ऑटिस्टिक प्राध्यापिका गुरं हाताळण्याच्या व्यवस्थांच्या रचनेसाठी ओळखल्या जातात. त्या तरुणांना सांगत आल्या आहेत की स्वतःला नव्हे, आपलं काम पुढे करा. सुरुवातीच्या काळात त्यांनी स्वतः आपले आराखडे दाखवूनच कामं मिळवली. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन्ने यांनी 2004 मध्ये स्पेशलिस्टर्न ही कंपनी काढली. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. तिथे नेहमीच्या मुलाखतीऐवजी उमेदवारांना लेगोचे रोबोट जुळवायला आणि चालवायला देत आणि ते काम कसं करतात हे पाहत. पुढे एसएपी कंपनीने 2013 मध्ये याच संस्थेच्या साथीने ऑटिस्टिक व्यक्तींच्या भरतीचा जागतिक कार्यक्रम जाहीर केला. त्याआधी बंगळुरूच्या शाखेत सॉफ्टवेअर चाचणीच्या कामावर असा प्रयोग झालेला होता.

आपल्या कॉलेजातल्या प्लेसमेंटच्या दिवशी लेगो मिळणार नाही, म्हणून दाखवण्याजोगं काम स्वतःच तयार ठेवायचं. गिटहबवर दहा अर्धवट प्रकल्पांपेक्षा तीन पुरे झालेले ठेवा. प्रत्येकासोबत एक पान जोडा: प्रश्न काय होता, माहिती कुठून घेतली, काय जमलं नाही. मुलाखतीआधी कंपनीला ईमेल करून प्रश्न लेखी मिळतील का, तोंडी प्रश्नांऐवजी प्रत्यक्ष काम देता येईल का, असं विचारता येतं. नाही म्हणणारे भेटतील, पण विचारण्यात कमीपणा नाही. ऑटिझमचं निदान कंपनीला सांगायचं की नाही आणि कधी सांगायचं, हा निर्णय विद्यार्थ्याचा आहे. आईबाबांनी त्याच्या वतीने तो परस्पर घेऊ नये.

पण सवलती मागायच्या तर दिव्यांगत्वाची कागदपत्रं लवकर हवीत. 'प्रमाणपत्र काढलं तर शिक्का बसेल' या भीतीने कितीतरी घरं थांबतात आणि त्यात मुलाचा हक्क वाया जातो, याचं मला फार वाईट वाटतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ऑटिझम स्पष्टपणे नोंदलेला आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असेल तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या 5 टक्के राखीव जागांचा आणि सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाचा लाभ घेता येतो. पात्र विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. याच कायद्यानुसार खासगी कंपन्यांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. अर्ज करण्याआधी ते मागवून वाचा. यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज शक्यतो पहिल्या वर्षातच करा, अंतिम वर्षाच्या सबमिशनच्या धांदलीत नको. तोंडी परीक्षेत मुलगा गप्प होत असेल तर विभागप्रमुखांना सत्राच्या सुरुवातीलाच लेखी कळवा. एटीकेटी लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते सोपं आहे.

इंटर्नशिप छोटी असली तरी चालेल, पण ती खऱ्या ऑफिसातली हवी. लोकलची गर्दी, ट्यूबलाइटचा प्रकाश, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा, अचानक बदललेली मीटिंग हे सगळं घरून काम करताना कळत नाही. तिथे कामाच्या सूचना लेखी मागायच्या, कुठलं काम आधी करायचं ते विचारायचं, हेडफोन लावण्याची परवानगी घ्यायची. या गोष्टींचा सराव आधी घरीच झाला पाहिजे. बँकेची कामं, डॉक्टरची अपॉइंटमेंट, कॉलेजच्या ऑफिसातली चौकशी हळूहळू त्याच्याकडे सोपवा. त्याच्या वतीने फोन करण्याची सवय आईबाबांनी याच वर्षांत सोडायला हवी. आणि आवाजाने, गर्दीने असह्य होतं तेव्हा बोलणं सुचत नाही, म्हणून 'मला दहा मिनिटं बाहेर जायचं आहे, मी परत येतो' हे वाक्य त्याच्या मोबाइलमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असू द्या, समोरच्याला नुसतं दाखवता येईल असं.