किनाऱ्याने जातेस, तर एवढं ऐक

भाचीबाई, गाडीवरून हरिहरेश्वर ते गुहागर, दोन मुक्काम, मागे मैत्रीण असा बेत ताईकडून कळला. बेत झकास आहे. मोडता घालत नाही, पण एवढं ऐकून मग स्टार्टर मार.

१. नकाशाआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा देवळामागून खडकांवर उतरते, ती ओहोटीलाच करायची – लाट आली तर तिथे धरायला काही नसतं. गुहागरपुढच्या हेदवीची बामणघळ मात्र भरतीला बघ, तीही लांबून – पाणी उसळतं ते तेव्हाच.

२. अर्धी असली तरी टाकी भरून घे – दिसला पंप तो आपला, पुढचा देवाने लपवला.

३. बागमांडला-वेशवी आणि दाभोळ-धोपावे, दोन्हीकडे फेरीबोट. ओल्या लोखंडी फळीवर पहिल्या गिअरमध्ये सरळ चढ, पुढच्या ब्रेकला हात लावू नको – चाक घसरतं ते तिथेच. आत गेलीस की गाडी गिअरमध्येच बंद कर आणि तिच्याजवळ उभी राहा. सावित्रीच्या खाडीचे फोटो मैत्रीण काढेल. शेवटच्या फेरीची वेळ मुक्कामाच्या घरी विचारून ठेव – दाभोळची चुकली तर चिपळूणवरून वळसा.

४. मासळीच्या टेम्पोपासून लांब राहा – त्यातून बर्फाचं पाणी गळतं आणि वळणावर रस्ता निसरडा होतो.

५. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही – जांभ्याची बारीक खडी नेमकी तिथेच साचलेली असते.

६. अरुंद रस्त्यावर समोर एसटी आली तर कडेला थांब, मान खाली जात नाही – एसटीशी जो अडला, तो चरात पडला.

७. जेवण सकाळीच सांगून ठेव आणि पैसे रोख ठेव – घरगुती खाणावळीत माणसं मोजून भात शिजतो. दुपारी अवेळी दार वाजवलंस तर मोदक राहिले बाजूला, काकूंची वामकुक्षी मोडल्याचं पाप तेवढं लागेल.

८. पुळणीवर गाडी घालायची नाही, रीलसाठी तर नाहीच – जोर द्यावा तसं मागचं चाक रुततं, आणि खारं पाणी चेन खातं. बाहेर मऊ जमिनीवर लावताना स्टँडखाली चपटा दगड ठेव. घरी आलीस की आधी गाडीची आंघोळ गोड्या पाण्याने, चेनला तेल, मग तुझी.

९. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा, वरून सुवर्णदुर्ग दिसतो. संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव बघ, पण त्या रात्री तिथेच किंवा मुरुडला राहा – अंधार पडला की गुरं कोमट डांबरावर येऊन बसतात, आणि म्हशीला टेललाइट नसतो.

१०. मुक्कामी पोचलीस की आईला फोन कर, नुसतं लोकेशन पाठवू नको – रेंज गेली की तो ठिपका खाडीत अडकतो, आणि तुझी आई रात्री बारा वाजता मला उठवते.