हातही राखायचे, शेतही राखायचे
(कुष्ठरोगातून बरे झालेल्या शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्यांसाठी अभ्यासपाठ)



पावसाळा तोंडावर आला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर एक प्रश्न हमखास माझ्यापुढे येतो. औषधे पूर्ण झालेली असतात, रोग बरा झालेला असतो. पण हातापायांचा बधिरपणा राहून जातो. घरचे म्हणतात, "आता शेतात उतरू नको." तो म्हणतो, "दादा, शेतात गेलो नाही तर घरात मला कोण विचारील?" दोघांचेही खरे आहे. बधिर पायाला शेतात जखमा होतात. आणि ज्याच्या हातचे काम जाते, त्याच्या शब्दाचे वजनही जाते. म्हणून काम न सोडता हातपाय कसे राखावेत, ते या पाठात पाहू.

बोटे का जातात?

हा रोग बोटे झाडून टाकतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. रोगाने नसा बिघडतात आणि वेदना कळेनाशी होते. काटा रुतला तरी माणूस त्याच पायावर चालत राहतो, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट आखूड होते. १९४६ मध्ये वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांच्या हातापायांचा बारकाईने अभ्यास करून ही गोष्ट जगापुढे मांडली. त्यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, तिथल्या डोंगरी लोकांत सेवा करणाऱ्या मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. वेदना ही देवाची देणगी आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात पौल अवयवांना एकमेकांची गरज कशी असते ते शिकवतो. आपल्या कामात हे अक्षरशः लागू पडते. जे हाताला कळत नाही, ते डोळ्याने पाहायचे. जिथे स्वतःचा डोळा पोचत नाही, तिथे घरच्या माणसाने पाहायचे.

कामानुसार काळजी

१. राबभाजणी : आच घालणे, राख पसरणे ही कामे दुसऱ्याने करावीत. वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली निखारा असतो आणि बधिर तळव्याला तो कळत नाही.

२. लावणी : दिवसभर चिखलात राहून कातडी मऊ पडते, मग खडा, काटा लगेच लागतो. चिखलात चप्पलही टिकत नाही. म्हणून सावडीत या माणसाच्या वाट्याला बांधावरून आवणाच्या जुड्या पोचवण्याचे काम द्यावे. काम तितकेच मोलाचे, आणि पायात चप्पल राहते.

३. कापणी, खणणी : बधिर हात गरजेपेक्षा जास्त जोराने मूठ आवळतो, त्यामुळे फोड येतात. विळ्या-कुदळीची मूठ जाड करावी, तिच्यावर कापड किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी. मध्ये मध्ये थांबून तळहात पाहावा. लाली किंवा ऊब राहिली असेल तर तो इशारा समजून काम बदलावे.

४. झोडणी : ज्यांची पापणी नीट मिटत नाही, त्यांनी चष्मा लावावा आणि वाऱ्याकडे पाठ करावी. डोळ्यात गेलेले कूस त्यांना टोचतही नाही.

५. फवारणी : हातापायावर भेगा असताना औषधाला हात लावू नये. हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

६. रात्री : शेकोटीला पाय करून झोपू नये. जेवणानंतर हात स्वच्छ धुवावेत आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून घ्यावी. बधिर बोटे उंदीर कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही.

रोजचा अर्धा तास

संध्याकाळी साध्या पाण्यात हातपाय सुमारे २० मिनिटे बुडवावेत. जाड झालेली कातडी खरखरीत दगडाने हलके घासावी, ब्लेडने कापू नये. कातडी ओली असतानाच खोबरेल तेल लावावे. मग तळवे, बोटांच्या बेचक्या आणि चपलेचा आतला भाग तपासावा. चप्पल आतून मऊ एमसीआर रबराची, खालून टणक, मागे पट्टा असलेली आणि बिनखिळ्याची हवी. ती सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मोफत मिळते. जखम दिसली तर धुऊन, झाकून त्या पायाला विश्रांती द्यावी.

नवा बधिरपणा, मुठीत नवी कमजोरी किंवा नसेत ठणका जाणवला तर लावणी संपण्याची वाट पाहू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले तर गेलेली ताकद परत येण्याची आशा असते.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. ज्यांना कायमचे अपंगत्व आले आहे, त्यांना तपासणीसाठी नेऊन यूडीआयडी कार्ड काढून द्या. अर्ज भरून देणे हीसुद्धा सेवाच आहे.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या पाड्यावर बधिर हातापायांनी शेती करणारे कोण आहेत? त्यांचे तळवे शेवटचे कोणी पाहिले?
२. येत्या लावणीत त्यांना कोणते काम द्याल? ते आपण ठरवणार, की त्यांना विचारून?
३. घरात रोज पाय तपासायचे काम कोणाकडे सोपवता येईल?